'फक्त खर्रा' आणि नॉर्मल ईसीजी

प्रश्न असा आहे: "माझा मोठा भाऊ ४६ वर्षांचा. अंगाने सडपातळ, शाकाहारी, दारू-सिगरेट काही नाही, फक्त खर्रा. होळीनंतर आठ दिवसांनी पहाटे त्याला अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. दोनच महिने आधी कंपनीच्या तपासणीत त्याचा ईसीजी नॉर्मल होता. मी ४१ वर्षांचा, मलाही दिवसाला दोन खर्रे लागतात. घाबरून ईसीजी आणि टू-डी इको केले, दोन्ही नॉर्मल आले. एलडीएल १४८, बीपी १३८/८८. सीटी अँजिओ करून घेऊ का? गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर घ्यावी लागते म्हणतात, तर आधी घरगुती उपाय करून पाहू का?"

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा 'फक्त' या शब्दापाशी थांबले. नागपुरात २६ वर्षं फिजिशियन म्हणून काम करतेय. सवयी विचारल्या की समोरचा माणूस मान हलवून "नाही जी मॅडम, कायचीच सवय नाही" म्हणतो आणि बाजूला बसलेली बायको हळूच सांगते, "खर्रा खातात." खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेली पुडी, आपल्याकडे सवयीत धरतच नाहीत. त्यावर पुढे बोलूच. आधी तो नॉर्मल ईसीजी बाजूला करू, कारण तुमचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू झालाय.

साधा ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेची साधारण दहा सेकंदांची नोंद. इको म्हणजे पंप कसा चाललाय त्याचं चित्र. दोन्ही तपासण्या हृदयाचा स्नायू आज कसा आहे ते सांगतात. तुमच्या भावाचा आजार स्नायूत नव्हता, त्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळीच्या भिंतीत होता. आणि ती भिंत आतून कशी झाली आहे हे ईसीजीला दिसत नाही. त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचा त्याचा रिपोर्ट चुकीचा नव्हता. तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो प्रश्नच वेगळा होता.

या नळ्या तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या. रक्तातले एलडीएलचे, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचे, कण त्यांच्या आतल्या अस्तरातून भिंतीत झिरपतात आणि तिथेच अडकतात. ते साफ करायला पांढऱ्या पेशी येतात, चरबी खाऊन फुगतात आणि त्याही तिथेच मरतात. असं वर्षानुवर्षं चालतं आणि भिंतीत मऊ चरबीचा एक साठा तयार होतो, त्यावर एक पातळ पापुद्रा. दूध तापवल्यावर वर साय धरते ना, तसा. साय जाड असली तर माणूस ऐंशी वर्षं सुखाने जगतो. ती पातळ झाली आणि एखाद्या पहाटे फाटली, तर आतला ऐवज रक्ताला लागतो. शरीराला वाटतं जखम झाली, म्हणून ते तिथे रक्त गोठवतं. काही मिनिटांत नळी बंद. यालाच आपण अटॅक म्हणतो. बऱ्याचदा जी जागा फाटते तिथे आदल्या दिवसापर्यंत नळी अर्धीसुद्धा अरुंद झालेली नसते. म्हणून माणूस आदल्या संध्याकाळी तीन मजले चढलेला असतो, छातीत काही होत नाही, ट्रेडमिल टेस्टही चांगली येते. नातेवाईक म्हणतात, "काल तर चांगले होते." खरंच चांगले होते. पण भिंतीतला साठा वीस-पंचवीस वर्षांचा होता.

ही माझी कल्पना नाही. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी उघडून पाहिली आणि १९५३ मध्ये निष्कर्ष छापला. सैनिकांचं सरासरी वय २२. चारपैकी तिघांच्या हृदयाच्या नळ्यांत या आजाराच्या खुणा होत्या. बावीस वर्षांची, कवायत करणारी, तगडी मुलं! मी विद्यार्थी असताना हे पहिल्यांदा वाचलं आणि 'म्हातारपणाचा आजार' हा शब्दच माझ्या डोक्यातून गेला.

असंसर्गजन्य आजारांची ओळख मी पेशंटना मारबतीवरून करून देते. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" असा गजर होतो. पटकी, देवी, प्लेग हे खरोखर गावाबाहेरून आत येत आणि गावाबाहेर घालवता येत. आताचे आजार तसे वेशीवरून येत नाहीत. हृदयविकार आणि पक्षाघात, कॅन्सर, दमा-सीओपीडीसारखे फुप्फुसांचे जुनाट आजार आणि मधुमेह या चार गटांतले आजार जंतूंशिवाय, घरातच, जेवणाच्या ताटात, खुर्चीवर आणि खिशातल्या पुडीत हळूहळू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगातल्या दर चार मृत्यूंपैकी जवळपास तीन या प्रकारच्या आजारांनी होतात, आणि त्यांत हृदय व रक्तवाहिन्यांचे आजार सगळ्यांत पुढे आहेत. २०१९ मध्ये त्यांनी सुमारे १ कोटी ७९ लाख माणसं गेली.

हे कशाने होतं ते ठाऊक नव्हतं असा काळ फार जुना नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचं बीपी ३००/१९० मोजलं गेलं. वर्षभर आधीच ते १८० च्या पुढे होतं. जगातल्या सगळ्यांत ताकदवान देशाच्या प्रमुखाला द्यायला डॉक्टरांच्या हातात धड एक गोळी नव्हती. आज तेच बीपी आटोक्यात ठेवणारी गोळी जनऔषधी केंद्रात अगदी किरकोळ पैशांत मिळते आणि तरीही लोक ती घेत नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं. रूझवेल्ट गेल्यानंतर तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, बोस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची नियमित तपासणी सुरू झाली. कोणाला अटॅक येतो, कोणाला नाही, आधी त्यांच्यात काय फरक होता, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलं गेलं. बीपी, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचा हृदयाशी थेट संबंध आहे हे आपल्याला तिथल्या लोकांनी शिकवलं.

'आपलं शरीर वेगळं, गोऱ्यांचे नियम आपल्याला लागू नाहीत' असं कोणी म्हणालं तर त्याचंही उत्तर आहे. २००४ मध्ये ५२ देशांचा मिळून इंटरहार्ट नावाचा अभ्यास छापून आला, त्यात भारतही होता. पहिल्या अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींत सापडला: धूम्रपान, रक्तातली चरबी, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, भाज्या-फळांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि दारूच्या सवयी. सगळ्या खंडांत याच नऊ. फरक वयाचा निघाला. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक साधारण ५३ व्या वर्षी, बाकीच्यांना ५९ च्या आसपास. आपल्याकडे कारणं तीच, पण ती लवकर साठतात.

आणि 'सडपातळ'. हा शब्द तुम्ही भावाच्या बाजूने लिहिलाय, म्हणून पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं एक छायाचित्र सांगते. त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! बाहेरून बारीक, आतून चरबी. आपल्यापैकी अनेकांची ठेवण अशीच असते. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप माझ्या टेबलावर जास्त वापरली जाते. कमरेचा घेर बेंबीजवळ, श्वास सोडून, पोट आत न घेता मोजा. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि स्त्रीला ८० ही सीमा. पँटचा नंबर सांगू नका, पँट पोटाखाली घालतात.

आता खर्रा. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेलेवाला तो घोटतो, आणि पुडी शर्टाच्या खिशात जाते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, पण ठेल्यावर डोळ्यांदेखत घोटून मिळणारा खर्रा लोकांना गुटख्यापेक्षा 'ताजा' आणि म्हणून निरुपद्रवी वाटतो. चुन्यामुळे निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून चटकन रक्तात उतरतं आणि तासभर उतरत राहतं. नाडी वाढते, नळ्या आकसतात, बीपी चढतं. सुपारीतलं अरेकोलीन हे उत्तेजक द्रव्य वेगळंच. इंटरहार्टमध्ये तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये अटॅकचा धोका दुपटीहून जास्त आढळला. धूर नाही म्हणून हृदयाला काही कळत नाही, असं अजिबात नाही.

मागच्या महिन्यात असेच एक गृहस्थ जिना चढून आत आले. गाल थोडा फुगलेला. लगेच मोजलं तर बीपी १५८/९८. मी काही बोलले नाही, बेसिन दाखवलं. चूळ भरून आले, खुर्चीला पाठ टेकवून, पाय जमिनीवर सरळ ठेवून दहा मिनिटं बसवलं, गप्पा बंद. पुन्हा १४२/९०. मधल्या सोळा अंकांत जिनाही होता, घाईही होती आणि पुडीही होती. त्यांनी दिवसाला पाच पुड्या सांगितल्या. एक पुडी तास-दीड तास गालात. म्हणजे जागेपणीचा जवळजवळ अर्धा दिवस त्यांच्या नळ्या या जास्तीच्या दाबाखाली होत्या. मी हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे पाहत होते. मग म्हणाले, "मॅडम, तोंडाच्या कॅन्सरचं माहीत होतं जी. हे कोणी सांगितलंच नाही." हो, सांगायचं राहून गेलं आहे, आणि त्यात आम्हा डॉक्टरांचा दोष आहे. फॉर्मवर 'धूम्रपान: नाही' लिहून आम्ही पुढे जातो.

सोडायचा कसा? कमी करत-करत सोडणाऱ्यांपेक्षा तारीख ठरवून सोडणारे माझ्याकडे जास्त टिकलेत. पहिले तीन-चार दिवस वाईट असतात: चिडचिड, झोप नाही, पोट साफ होत नाही. तलफ येते ती काही मिनिटांची असते, तेवढी मिनिटं काढायची. गालात काहीतरी ठेवायची सवय सर्वात चिवट, तिथे बडीशेप, लवंग, भाजलेली जवस चालते. सुपारी मात्र नको. 'तंबाखू सोडली, नुसती सुपारी खातो' म्हणणारे महिन्यात परत येतात. निकोटीनचं च्युइंगगम डॉक्टरांना विचारून घ्या, त्याने नक्की मदत होते. सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. फोन करायला संकोच वाटला तर बायकोला शेजारी बसवून करा. आणि तुम्ही दोघं भाऊ एकाच दिवशी सोडा. घरात एकाच्या खिशात पुडी असेल तर दुसऱ्याचं टिकत नाही.

तुमचं १३८/८८. हा आकडा 'जरासा' म्हणून सोडून देण्यासारखा नाही. सुमारे दहा लाख लोकांच्या नोंदी एकत्र करून २००२ मध्ये दाखवलं गेलं की चाळीस ते सत्तर या वयात वरचं बीपी ११५ च्या पुढे दर २० अंकांनी वाढलं की हृदयविकार आणि पक्षाघाताने जाण्याचा धोका दुप्पट होतो. १४० ला काही भिंत नाही की अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे आजारी. घरी दंडाला बांधायचं बीपीचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा. आधी अर्धा तास चहा नाही, पुडी नाही, लघवीला जाऊन या, पाच मिनिटं शांत बसा, हात टेबलावर छातीच्या पातळीत. पहिल्या दिवसाचे आकडे खोडा, बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ च्या वर असेल तर तुम्हाला बीपीचा आजार आहे, मग दवाखान्यात काहीही येवो. पन्नास रुपयांची वही आणि हे आकडे घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर त्यांचं अर्धं काम झालं.

आणखी काही तपासण्या: उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, आणि आयुष्यात एकदाच लायपोप्रोटीन-ए. हा शेवटचा कण अनुवंशाने येतो, खाण्यापिण्याने बदलत नाही, आणि तरुणपणी अटॅक आलेल्या घरांमध्ये तो वाढलेला सापडतो. तो ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीच्या सगळ्या गोष्टी अधिक काटेकोर कराव्या लागतात. सख्ख्या भावाला ५५ च्या आत अटॅक येणं हाच तुमच्यासाठी एक स्वतंत्र धोका आहे. त्यामुळे प्रयोगशाळेच्या कागदावर एलडीएलच्या समोर जी 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते ती तुमच्यासाठी नाही. १४८ तुम्हाला जास्त आहे. शंभरच्या खाली यायलाच हवं, आणि बाकीचे आकडे पाहून तुमचे डॉक्टर सत्तरचं लक्ष्य देऊ शकतात.

सीटी अँजिओ, म्हणजे डाय टोचून काढलेलं हृदयाच्या नळ्यांचं स्कॅन, लगेच नको. छातीत दुखत नसताना ती केल्याने किरणोत्सर्ग आणि डायचं इंजेक्शन पदरात पडतं, आणि चित्र कसंही आलं तरी खर्रा, बीपी आणि एलडीएल यांचं जे करायचं ते करायचंच आहे. गोळी घ्यावी की नाही यावर तुमचं आणि डॉक्टरांचं अडलं तर कॅल्शियम स्कोअर नावाचं, नळ्यांच्या भिंतीतलं कॅल्शियम मोजणारं साधं सीटी उपयोगी पडतं. पण चाळिशीत तो शून्य आला तरी गाफील राहू नका. मऊ साठ्यात कॅल्शियम अजून आलेलं नसतं.

'गोळी जन्मभर' या भीतीबद्दल. आपल्याकडे मार्च लागला की माळ्यावरून कूलर उतरतो, ताट्या बदलतात, टाकी भरते. कूलर लावला म्हणून उन्हाळा संपला असं कोणी म्हणत नाही, आणि खोली गार झाली म्हणून भर मे महिन्यात कोणी तो बंदही करत नाही. बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी तशी आहे. आकडा नॉर्मल आलाय तो गोळीमुळे. गोळीची सवय लागलेली नसते, आजार तिथेच असतो. वजन उतरलं, मीठ कमी झालं, खर्रा सुटला तर बीपीची गोळी कमी होते, कधी बंदही होते. मी अनेकांची बंद केली आहे. पण ती आकडे पाहून डॉक्टरांनी करायची. तसंच उन्हाळ्यात: पारा ४५ वर गेला की घामाने बीपी उतरतं, लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असणाऱ्यांना उभं राहताना चक्कर येते. तेव्हा फोन करा, डोस बदलता येतो. सगळ्या गोळ्या एकदम सोडून देऊ नका.

कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांना, म्हणजे स्टॅटिनला, लोक 'केमिकल' म्हणतात म्हणून सांगते, ही औषधं बुरशीतून सापडली. जपानचे अकिरा एन्डो यांनी हजारो बुरशा चाळून १९७३ मध्ये पहिला असा पदार्थ मिळवला. पुढे लाखाहून जास्त लोकांवरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. एलडीएल सुमारे ४० अंकांनी उतरवलं की अटॅक-पक्षाघातासारख्या घटना साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतात. काहींचे स्नायू दुखतात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची साखर थोडी वाढू शकते. हे खरं आहे, आणि त्यावर मात्रा किंवा औषध बदलण्याचे मार्ग आहेत. घरगुती उपायांत लसूण, मेथी, जवस खुशाल खा, पण गोळीच्या बदल्यात नाही. दुधीच्या रसाबद्दल मात्र कळकळीने सांगते: दुधी कडू निघाला तर तो रस विषारी असतो, त्याने माणसं दगावलेली आहेत. कडू लागला की एक घोटही पुढे पिऊ नका.

जेवणाबद्दल माझा आग्रह थोडा आणि ठाम आहे. पथ्याचा छापील कागद मी देत नाही. एकच करायला सांगते, मिठाची पिशवी उघडली त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा. चार माणसांच्या घराला महिन्याला ६०० ग्रॅम. किलोची पिशवी महिन्यात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर झालं, आणि पापड, लोणचं, फरसाण, बाहेरचा चिवडा यांतलं मीठ अजून मोजलेलंच नाही. वरून मीठ घेणं बंद, पापड-लोणचं रोजच्या ताटातून सणावारी, एवढ्यानेच वरचं बीपी काही अंकांनी उतरलेलं मी पाहते. तेलाचा असाच हिशेब: माणशी महिना अर्धा लिटर, ज्या दिवशी डबा आणाल त्या दिवशी तारीख. तर्री पोहे सोडा असं मी नागपूरकराला सांगणार नाही. पोहे खा, चणे खा, वरचा लाल तेलाचा थर मात्र ताटलीत घेऊ नका. सावजी रस्सा महिन्यातून एकदा, भाकरीसोबत, वाटी एक. दिवसभर त्याच कढईत तापलेल्या तेलातले समोसे-कचोरी टाळा. आणि आपल्या आज्या ज्वारीची भाकरी, हिरवी भाजी, जवसाची किंवा कारळाची चटणी असं जे जेवत, ते परत आणा.

चालणं: आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स, नाहीतर वस्तीतलं मैदान. मेमध्ये पहाटे साडेपाचला. घोरणं जोरात असेल आणि दिवसा पेंग येत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या, बीपी न उतरण्याचं ते एक कारण असतं.

आता जे सांगायला मला सर्वांत जड जातं ते. माझे वडील ५२ व्या वर्षी गेले. रात्री जेवणानंतर छाती भरून आली, घाम फुटला. घरात सगळ्यांनी गॅस ठरवला, सोडा दिला, ओवा दिला. तासाभराने जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे ईसीजी न काढताच ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. पहाटे चारला सगळं संपलं. मी तेव्हा बारावीत होते. म्हणून सांगते: छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखं, जबड्यात किंवा हातात जाणारं दुखणं, सोबत थंड घाम, आणि ते पंधरा मिनिटांत थांबलं नाही, तर ते हृदयाचं समजूनच निघायचं. बायकांना आणि मधुमेह्यांना कधी कधी दुखत नाही, नुसती धाप लागते किंवा मळमळतं आणि एकदम गळून गेल्यासारखं होतं. १०८ ला फोन करा. रुग्णाला गाडी चालवू देऊ नका, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि कुठे रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅम चावून गिळायला द्या. सॉर्बिट्रेट ही नळ्या सैल करणारी गोळी जिभेखाली स्वतःहून ठेवू नका, बीपी कमी असेल तर माणूस कोसळतो. दवाखान्यात पोहोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी झाला पाहिजे, आणि पहिला नॉर्मल आला, दुखणं चालू असलं, तर थोड्या वेळाने पुन्हा. हे तुम्ही तोंड उघडून मागा. काटोल, उमरेड, रामटेककडचे नातेवाईक असतील तर त्यांना सांगून ठेवा, की नागपूर गाठण्यात दोन तास घालवण्याआधी जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळू शकतं का ते पाहा. त्याचा सगळ्यांत जास्त फायदा पहिल्या काही तासांत असतो.

भावाच्या दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सहसा वर्षभर चालतात. दात काढायचा असला तरी त्या परस्पर बंद करायच्या नाहीत, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. त्या अचानक थांबल्या की स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. त्याचं एलडीएल सत्तरच्या खाली हवं, जमलं तर आणखी खाली, त्यामुळे 'बरं वाटतंय' म्हणून स्टॅटिन सुटायला नको. तुमच्या वहिनींनाही तपासणी करून घ्यायला सांगा. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची बीपी आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात, आणि अशा वेळी घरातली बाई स्वतःचं नेहमी शेवटी ठेवते.

भावाच्या मुलांबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण त्याला मूल असेल आणि ते शाळा-कॉलेजात असलं तरी त्याचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, एकदा करा. एलडीएल १६० च्या वर निघालं तर कोलेस्टेरॉल जन्मतःच वाढलेलं असण्याची शक्यता असते, साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला ते असतं, आणि त्याचा उपचार लहान वयातच सुरू करता येतो. त्या मुलाच्या नळ्यांच्या भिंती आज बऱ्याच अंशी कोऱ्या आहेत. त्याचा रिपोर्ट आला की तुमच्या रिपोर्टसोबत एकाच फाइलीत लावा, भावाचं डिस्चार्ज कार्ड सर्वांत वर, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे ती फाइल घेऊन जा.